शाळेत पवनऊर्जा शिकवताना : सोलापूर परिसरातील शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातील व जिल्ह्यातील बहुतेक माध्यमिक शाळांत पवनऊर्जेचा विषय दोन तासांत आटोपतो. पहिला तास व्याख्या आणि फायदे-तोटे सांगण्यात जातो आणि दुसरा प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यात. त्याहून थोडा अधिक वेळ देण्याची तयारी असलेल्या विज्ञान, गणित आणि भूगोलाच्या शिक्षकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. त्यांमागची भूमिका आरंभीच स्पष्ट करणे बरे : वारा मोजायला शिकवल्याशिवाय पवनचक्की शिकवायला घेऊ नये.

सोलापूर शहराच्या आसपास पवनचक्क्या दिसत नाहीत. मग येथील मुलांना हा विषय मुद्दाम का शिकवावा?

वीज कशी तयार होते, हे पाहण्यासाठी सोलापूर हे फार सोयीचे ठिकाण आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचे कोळशावर चालणारे १,३२० मेगावॅटचे केंद्र आहे, उजनी धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, जिल्ह्यातील अनेक साखर कारखाने उसाच्या चिपाडावर सहवीजनिर्मिती करतात, आणि शहरातील गच्च्यांवर सौर पॅनेल आता नवलाचे राहिलेले नाहीत. म्हणजे विजेचे चार मार्ग मुलांच्या पाहण्यातले असतात. पाचवा मार्ग शेजारच्या सांगली जिल्ह्यात गेले की दिसतो. पाचही मार्ग एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्याची अशी संधी फार थोड्या ठिकाणच्या शिक्षकांना मिळते.

शिवाय पवनचक्क्या नसल्या तरी वारा आहेच. ज्येष्ठ-आषाढात पाऊस हुलकावणी देतो, पण गच्चीवर वाळत घातलेली चादर चिमटे लावूनही जागेवर राहत नाही, हा अनुभव येथील प्रत्येक घराला आहे. धडा तेथूनच सुरू करता येतो.

कोणत्या इयत्तेत काय शिकवावे?

पाचवी-सहावीत वाऱ्याची दिशा, भिरभिरे आणि निरीक्षणांची नोंद एवढे पुरे. सातवी-आठवीत वेग मोजणे आणि आलेख काढणे यावे. नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना गतिज ऊर्जेचे सूत्र येते, तेव्हा वाऱ्याचे उदाहरण घेतले नाही तर एक चांगली संधी वाया जाते. दहावीत विद्युतजनित्र आणि हरित ऊर्जा हे दोन्ही विषय प्रचलित अभ्यासक्रमात आहेत, मात्र ते विज्ञानाच्या दोन वेगवेगळ्या भागांत विभागले गेले असल्यामुळे मुलांच्या मनात ते सहसा जोडले जात नाहीत. ही जोडणी शिक्षकाने जाणीवपूर्वक करून द्यावी लागते.

शाळेकडे वाऱ्याचा वेग मोजण्याचे उपकरण नाही. तर मोजमाप कसे करावे?

आरंभ उपकरणाविनाच करावा. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या परिणामांवरून त्याचा जोर ठरवणारी एक श्रेणी तयार केली आणि ती पुढे जमिनीवरच्या खुणांनाही लागू करण्यात आली. पाने नुसती सळसळतात आणि वारा चेहऱ्याला जाणवतो तेव्हा वेग साधारण १.६ ते ३.३ मीटर प्रति सेकंद असतो. पाने व बारीक काटक्या सतत हलत राहतात आणि हलका झेंडा फडफडतो तेव्हा तो ३.४ ते ५.४ च्या दरम्यान असतो. धूळ व कागदाचे कपटे उडू लागले आणि लहान फांद्या हलू लागल्या की ५.५ ते ७.९, पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली की ८ ते १०.७, आणि मोठ्या फांद्या हलून छत्री सांभाळणे कठीण झाले की १०.८ ते १३.८. शाळेच्या आवारातील कडुनिंब, ध्वजस्तंभ आणि मैदानावरची धूळ या तीन गोष्टींवर ही श्रेणी सहज बसवता येते. मुलांनी आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी अंदाज नोंदवावा आणि दोन गटांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. नोंदी जुळत नाहीत तेव्हा जो वाद होतो, तोच या उपक्रमाचा खरा तास असतो.

त्यानंतर वाट्यांचा वायुवेगमापक बनवावा. चार कागदी पेले, दोन काटकोनात जोडलेल्या पट्ट्या, मधोमध फिरती खीळ आणि खाली एक काठी एवढे साहित्य लागते. एका पेल्याला लाल रंग द्यावा, म्हणजे फेऱ्या मोजता येतात. पेल्याचे केंद्र मध्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर एका फेरीत ते सुमारे ९४ सेंटिमीटर अंतर कापते. तीस सेकंदांत ४० फेऱ्या झाल्या तर पेल्याचा वेग सुमारे सव्वा मीटर प्रति सेकंद येतो. हा वाऱ्याचा वेग आहे असे मुले चटकन लिहून मोकळी होतात, परंतु प्रत्यक्षात वारा त्याहून पुष्कळ वेगाने वाहत असतो. हे उपकरण १८४६ मध्ये प्रचारात आणणारे आयर्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ टी. आर. रॉबिन्सन यांची समजूत अशी होती की, पेले कोणत्याही आकाराचे असोत, त्यांचा वेग वाऱ्याच्या एक-तृतीयांश असतो. पुढील प्रयोगांत ते खरे ठरले नाही. हे प्रमाण पेल्यांच्या आणि दांड्यांच्या मापावर अवलंबून असते.

म्हणून प्रत्येक उपकरणाचे अंशांकन करावे लागते, म्हणजे ठाऊक असलेल्या वेगाला त्याच्या किती फेऱ्या होतात ते पाहावे लागते. वारा पडलेला असतो अशा भल्या सकाळी, बंद मैदानात किंवा शाळेच्या आतल्या रस्त्यावर, शिक्षकांनी दुचाकी ताशी १० आणि नंतर २० किलोमीटर वेगाने सरळ रेषेत चालवावी. मागे बसलेल्या विद्यार्थ्याने उपकरण डोक्याच्या वर, मोकळ्या हवेत धरावे आणि तिसऱ्याने बाजूला उभे राहून चित्रफीत घ्यावी, म्हणजे फेऱ्या नंतर सावकाश मोजता येतात. वेगासाठी दुचाकीच्या काट्यापेक्षा मोबाईलमधील जीपीएस अधिक भरवशाचे असते. जाताना व येताना असे दोन्ही दिशांना मोजून सरासरी घेतली की मंद वाऱ्याचा दोषही निघून जातो. शिरस्त्राण दोघांनाही असावे, आणि हा प्रयोग वाहत्या रस्त्यावर कदापि करू नये.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज दुप्पट होते, असे मुले म्हणतात. त्यांना कसे समजावावे?

ही चूक अगदी स्वाभाविक आहे आणि तिच्यातूनच या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिकवता येते. वेग दुप्पट झाला की प्रत्येक किलो हवेतील गतिज ऊर्जा चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. पण तेवढ्याच वेळात पात्यांच्या वर्तुळातून जाणारी हवाही दुप्पट होते. चौपट गुणिले दुप्पट म्हणजे आठपट. म्हणून वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी हे दोन टप्पे वेगवेगळे बोलून दाखवावेत. एरवी घन कोठून आला, हे मुलांना कळत नाही आणि ती सूत्र नुसते पाठ करतात.

आकडे सोलापूरचेच घ्यावेत. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि हवा उष्ण असते, त्यामुळे घनता पुस्तकातील १.२२५ ऐवजी घनमीटरला सुमारे १.१ किलो धरणे योग्य ठरते. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास एक मीटर असेल तर क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर होते. वारा सेकंदाला अडीच मीटर असताना त्यातून जेमतेम पावणेसात वॅट वाहतात, पाच मीटरला सुमारे ५४ आणि दहा मीटरला सुमारे ४३२. ही संपूर्ण वाऱ्यातील शक्ती झाली. त्यातील थोडाच भाग हाती लागतो.

मग महिन्याच्या सरासरी वेगावरून विजेचा हिशेब करता येईल का?

येणार नाही, आणि हे गणिताच्या तासाला आवर्जून दाखवावे. एका दिवशी वेग २ आणि दुसऱ्या दिवशी ८ मीटर प्रति सेकंद असेल, तर सरासरी ५ आणि तिचा घन १२५. परंतु दोन्ही दिवसांचे घन अनुक्रमे ८ आणि ५१२ असून त्यांची सरासरी २६० येते. सरासरीवरून केलेला अंदाज येथे निम्म्याहून कमी पडला. पवनऊर्जा प्रकल्प उभारण्यापूर्वी एकाच जागी किमान वर्षभर दर काही मिनिटांच्या नोंदी घेतल्या जातात, त्यामागचे एक कारण हेच आहे. सरासरी हा शब्द ऐकला की थांबून विचार करायचा, ही सवय मुलांना या एका उदाहरणाने लागते.

वाऱ्यातील सगळी ऊर्जा पवनचक्की का घेऊ शकत नाही?

सगळी ऊर्जा काढून घ्यायची म्हणजे पात्यांमागे हवा पूर्णपणे थांबवायची, आणि मागची हवा थांबली तर पुढची येणार कोठून? जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी याची कमाल मर्यादा ५९.३ टक्के असल्याचे सिद्ध केले. आधुनिक मोठ्या पवनचक्क्या चांगल्या वाऱ्यात ४० टक्क्यांच्या पुढे जातात. शाळेतील प्रतिकृतीने पाच टक्के गाठले तरी ते काम कौतुकाचे समजावे.

पाती जास्त लावली तर वीज जास्त मिळेल, हे बरोबर आहे का?

विहिरीतून पाणी उपसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांना पुष्कळ पाती असत, कारण तेथे कमी वेगात जास्त जोर लागत असे. वीज निर्माण करताना जनित्राला वेग हवा असतो, म्हणून तेथे कमी पाती अधिक फायद्याची ठरतात. ही गोष्ट प्रयोगाने ओळखणाऱ्यांत डेन्मार्कचे पाउल ला कूर अग्रणी होते, आणि त्यांची कथा शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी, कारण ते स्वतः शिक्षक होते. आस्कोव येथील लोकशाळेत शिकवत असताना त्यांनी १८९१ मध्ये तेथे प्रायोगिक पवनचक्की उभारली, वायुबोगद्यात निरनिराळ्या आकारांची पाती तपासली, आणि वारा नसताना काय करायचे या प्रश्नावर उपाय म्हणून विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला व त्यावर शाळेचे दिवे लावले. पुढे त्यांनी खेड्यांतील तरुणांना वीजतंत्रज्ञ म्हणून तयार करण्याचे वर्गही चालवले.

तीनच पाती का, दोन का नाहीत, असे चौकस मुले विचारतात. दोन पात्यांनीही काम होते आणि खर्चही वाचतो, पण दिशा बदलताना दोन पात्यांच्या चक्राला बसणारे धक्के अधिक असतात. तीन पाती असली की भार समतोल राहतो.

आमच्या प्रतिकृतीची पाती जोरात फिरतात, पण एलईडी लागत नाही. चूक कोठे होते?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि दोष बहुधा पात्यांत नसतो. बाजारात सहज मिळणारी खेळण्यातली लहान मोटार तीन व्होल्टवर मिनिटाला काही हजार फेरे घेईल अशा बेताने बनवलेली असते. हीच मोटार जनित्र म्हणून उलटी वापरली आणि टेबल फॅनसमोर पाती मिनिटाला चार-पाचशे फेरे फिरली, तर तिच्यातून व्होल्टचा एखादा चतुर्थांश निघतो. लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात आणि पांढऱ्याला तीनच्या आसपास. त्यामुळे पाती कितीही छान फिरली तरी दिवा काळाच राहतो.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे जुन्या प्रिंटरमधील डीसी मोटार भंगारवाल्याकडून आणणे. ती कमी फेऱ्यांत जास्त व्होल्टेज देते आणि पाचशे फेऱ्यांना दोन-तीन व्होल्ट मिळू शकतात. त्याच प्रिंटरमधील स्टेपर मोटारही चालते, फक्त तिच्यातून प्रत्यावर्ती धारा निघते हे मुलांना सांगावे. दुसरा उपाय मोठी व लहान पुली जोडून वेग वाढवण्याचा आहे, पण त्यात घर्षण वाढते आणि मंद वाऱ्यात पाती सुरूच होत नाहीत. आमच्या मते पहिला उपाय स्वस्त आणि कमी कटकटीचा आहे. एलईडीची दोन टोके उलटी जोडली गेली नाहीत ना, हेही तपासावे. अर्धी तक्रार तेथेच मिटते.

याहून महत्त्वाचे म्हणजे दिवा लागणे हे यशाचे माप मानू नये. एलईडी काढून तेथे १०० ओहमचा रोधक जोडावा आणि मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज वाचावे. दीड व्होल्ट आले तर शक्ती सुमारे साडेबावीस मिलिवॅट झाली. मग पाती चक्राच्या पातळीपासून १०, २०, ३० आणि ४५ अंशांत वळवून प्रत्येक वेळी वाचन घ्यावे. पाती पुठ्ठ्याची असोत वा पीव्हीसी पाइप उभा कापून केलेली, कोन कोनमापकाने मोजूनच लावावा. मोठ्या कोनात चक्र चटकन सुरू होते पण वेग धरत नाही, हा अनुभव तक्त्यात आपोआप उमटतो. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, त्यांच्याकडे मल्टिमीटर असतोच. तो कपाटातून बाहेर काढावा.

विज्ञान प्रदर्शनात टेबल फॅनने पवनचक्की फिरवलेली चालते का?

चालते, पण फॅन सुमारे पन्नास वॅट खातो आणि प्रतिकृतीतून मिलिवॅट बाहेर पडतात, हा फलक प्रतिकृतीशेजारी मुलांच्या हस्ताक्षरात लावलेला असावा. उरलेली ऊर्जा कोठे गेली, याचे उत्तर देता येणारा विद्यार्थी खरोखर शिकला, असे परीक्षकांनी समजावे. थर्मोकोलच्या डोंगराखाली सेल लपवून गावातले दिवे लावण्याची जी प्रथा प्रदर्शनांतून सर्रास दिसते, तिला मात्र शिक्षकांनीच आळा घातला पाहिजे. त्यातून मुले ऊर्जेविषयी काही शिकत नाहीत आणि भलतेच काही शिकतात.

पवनचक्क्या इतक्या उंच का बांधतात?

पतंग उडवणाऱ्या मुलांना याचे उत्तर ठाऊक असते. घरांच्या उंचीपर्यंत पतंग गोते खातो, ढील देऊन देऊन वर न्यावा लागतो, आणि एकदा वर गेला की दोरा हातात ताठ होतो. जमिनीलगत घरे, झाडे आणि उंचवटे वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा व स्थिर असतो. मोकळ्या माळावरील ढोबळ नियमानुसार १० मीटर उंचीवर वेग ५ असेल, तर १०० मीटरवर तो ७ च्या जवळपास जातो. फरक दोनाचाच वाटतो, पण घनाच्या नियमाने शक्ती अडीचपटीहून अधिक होते. चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने केलेल्या अंदाजानुसार देशाची क्षमता १२० मीटर उंचीवर सुमारे ६९५ गिगावॅट आणि १५० मीटरवर सुमारे १,१६४ गिगावॅट आहे. देश तोच असून तीस मीटर वर गेल्यावर आकडा एवढा का बदलतो, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला विचारण्यासारखा आहे.

शाळेच्या गच्चीवर लहान पवनचक्की बसवली तर वीजबिल कमी होईल का?

सोलापूर शहरातील शाळेने बिल कमी करण्यासाठी पैसे खर्च करायचे असतील, तर ते सौर पॅनेलवर करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दाट वस्तीत गच्चीवरचा वारा भोवऱ्यांचा असतो, त्याची दिशा सारखी बदलते, आणि लहान चक्राचे क्षेत्रफळ इतके कमी असते की पाच मीटर वेगाच्या वाऱ्यात एक मीटर व्यासाच्या यंत्रातून प्रत्यक्षात दहा-बारा वॅट मिळाले तरी समाधान मानावे लागते. एक ट्यूबलाइटही त्यावर धड चालणार नाही. शिवाय कंपने इमारतीत उतरतात ती वेगळीच. ऊन मात्र येथे वर्षातील बराच काळ भरपूर असते.

शिकवण्यासाठी मात्र अशी एक लहान पवनचक्की आणि तिच्या शेजारी एक लहान सौर पॅनेल बसवून दोहोंच्या रोजच्या नोंदी वर्षभर ठेवल्या, तर त्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. जून ते ऑगस्टमध्ये ढगांमुळे सौर नोंद खाली येते तेव्हा वाऱ्याची नोंद वर जाते, हे मुले स्वतःच्या आलेखात पाहतात.

सहल कोठे न्यावी?

सोलापूरहून सोयीचे ठिकाण म्हणजे सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगावचा परिसर. मंगळवेढा, सांगोला ओलांडून मिरजेच्या दिशेने गेले की माळावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि कोयना जलाशयावरच्या पठारावरील वनकुसवडे ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत, पण एका दिवसात जाऊन येणे मुलांना दमवणारे होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेथे धुक्यात समोरचा खांबही दिसत नाही. धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल फारच दूर पडते. ढालगावला जायचे तर वारा जोरात असतो त्या जून ते ऑगस्टमध्ये जावे. डिसेंबरात सहलींचा हंगाम असतो खरा, परंतु तेव्हा बरीच चक्रे थांबलेली आढळण्याचा संभव असतो. यंत्रांच्या जवळ जायचे असल्यास संबंधित कंपनीची लेखी परवानगी आधी घ्यावी. ती नसेल तर सार्वजनिक रस्त्यावरून पाहावे, तेवढ्यानेही पुष्कळ काम होते.

तेथे एक मोजमाप अवश्य करावे. मुलांना एका पात्यावर नजर ठेवून मिनिटभरात किती फेरे होतात ते मोजू द्यावे. मोठे चक्र मिनिटाला साधारण दहा ते अठरा फेरे घेते, त्यामुळे ते संथ वाटते. आता चक्राचा व्यास १०० मीटर आणि फेरे पंधरा धरले, तर पात्याचे टोक दर फेरीला ३१४ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला साडेअठ्ठ्याहत्तर मीटर, म्हणजेच ताशी सुमारे २८० किलोमीटर. हा आकडा मुलांनी तेथेच, वहीवर, चक्राकडे पाहत काढावा. वर्गात आल्यावर काढलेल्या त्याच आकड्याला ती धार राहत नाही.

पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात आणि पाऊस पडत नाही, असे मुलांच्या घरी म्हणतात. काय सांगावे?

दुष्काळी भागात ही समजूत बरीच पसरलेली आहे आणि तिची टिंगल करू नये. पाऊस गेला, त्याच सुमारास डोंगरावर खांब उभे राहिले, तेव्हा दोहोंचा संबंध जोडला जाणे समजण्यासारखे आहे. घरातल्या मोठ्यांना खोटे पाडण्याचा सूर न लावता मुलांपुढे तीन गोष्टी ठेवाव्यात.

पहिली गोष्ट मापाची. पात्याचे टोक फार तर दोनशे मीटरच्या आसपास पोहोचते, तर पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढलेले असतात आणि मान्सूनचे वारे शेकडो किलोमीटर रुंदीने वाहतात. दुसरी गोष्ट चाळकेवाडीची. पावसाळ्यात तेथील पवनचक्क्या अक्षरशः ढगात उभ्या असतात आणि तरीही तेथे मुसळधार पाऊस पडतो. तिसरी गोष्ट काळाची. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अरबी समुद्राकडून येणारे वारे घाट चढताना बहुतेक पाऊस पाडून टाकतात आणि पूर्वेला उतरताना कोरडे होतात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा साताऱ्याच्या पठारावर एकही पवनचक्की नव्हती.

तालुक्याच्या पावसाच्या जुन्या नोंदी मिळवून पवनचक्क्यांपूर्वीची व नंतरची वर्षे एकाच आलेखावर मांडण्याचे काम नववीच्या मुलांना देता येते. पवनचक्क्यांच्या मागे हवा घुसळली जाते आणि जमिनीलगतच्या तापमानात, विशेषतः रात्री, किंचित फरक पडतो, हे खरे आहे आणि तेही लपवू नये.

पक्ष्यांना धोका असतो का?

असतो, आणि सोलापूरच्या मुलांना तो सांगायलाच हवा, कारण नान्नजचे माळढोक अभयारण्य शहरापासून जवळ आहे. माळढोक हा जड पक्षी आहे. त्याला समोरचे नीट दिसत नाही, नजर बाजूंना अधिक असते, आणि तार जवळ आल्यावर चटकन वळणे त्याला जमत नाही. त्यामुळे पात्यांपेक्षाही वीज वाहून नेणाऱ्या उघड्या तारा त्याच्या जिवावर उठतात. राजस्थान व गुजरातमधील माळढोकांच्या अधिवासात अशा तारा शक्य तेथे जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. स्वच्छ वीज आणि दुर्मीळ पक्षी या दोहोंत निवड कशी करावी, यावर दहावीच्या वर्गात वाद घडवून आणावा. शिक्षकाने निकाल देऊ नये.

एनटीपीसीच्या केंद्राऐवजी किती पवनचक्क्या लागतील?

मुले १,३२० ला दोनने भागून ६६० असे उत्तर देतात, कारण एक पवनचक्की दोन मेगावॅटची असे त्यांनी ऐकलेले असते. येथे क्षमता आणि निर्मिती यांतील फरक शिकवावा. वारा नेहमी पुरेसा नसतो. सेकंदाला तीन-चार मीटरच्या खाली चक्र वीज देत नाही, बारा मीटरच्या आसपास ते पूर्ण क्षमतेला पोहोचते आणि पंचवीस मीटरच्या पुढे सुरक्षिततेसाठी थांबवले जाते. वर्षाचा हिशेब केला तर पूर्ण क्षमतेच्या पाव भागाइतकी निर्मिती धरणे वाजवी ठरते. म्हणजे दोन मेगावॅटच्या पवनचक्कीतून वर्षाला सुमारे ४३ लाख ८० हजार युनिट मिळतात. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या ३,६५० घरांची ती गरज झाली. कोळशाचे केंद्र सरासरी साठ टक्के भाराने चालते असे उदाहरणापुरते गृहीत धरले, तर तेवढ्या विजेसाठी सुमारे १,५८४ पवनचक्क्या लागतील. गृहीतके बदलून उत्तर कसे बदलते, ते मुलांनीच पाहावे. दोन पवनचक्क्यांत चक्राच्या व्यासाच्या पाच-सात पट अंतर लागते, पण मधल्या जमिनीत ज्वारी पेरता येते, हाही मुद्दा हिशेबात यावा.

आणि वारा पडला की?

तेव्हा वीजवाहिन्यांच्या जाळ्यातील इतर केंद्रे भार उचलतात. महाराष्ट्रात पवनऊर्जेची स्थापित क्षमता पाच हजार मेगावॅटहून अधिक असली तरी तिची निर्मिती पावसाळ्यात एकवटलेली असते, आणि शेतीपंपांची मागणी उन्हाळ्याच्या तोंडावर वाढते. म्हणून सौर, जल आणि साठवण यांची जोड लागते.

उपक्रम वर्षात केव्हा सुरू करावा?

१५ जून हा जागतिक पवन दिन आहे आणि आपल्या शाळाही त्याच सुमारास उघडतात. वाऱ्याचा हंगामही तोच. पहिल्या आठवड्यात वायुवेगमापक तयार झाला, तर ऑगस्टअखेर अडीच महिन्यांच्या नोंदी हाती येतात. वेळा शक्यतो दोन ठेवाव्यात, सकाळी शाळा भरताना आणि दुपारी चारच्या सुमारास, कारण जमीन तापल्यावर वरचा वेगवान वारा खाली मिसळतो आणि दुपारची नोंद सहसा वाढलेली दिसते. रविवारच्या रिकाम्या जागी मुलांनी अंदाजाचे आकडे भरू नयेत. ती जागा तशीच मोकळी ठेवायला शिकवावे.

सुरक्षिततेसाठी कोणती काळजी घ्यावी?

प्रतिकृती घरगुती वीजपुरवठ्याला कधीही जोडू नये. फिरत्या पात्यांच्या पातळीत डोळे आणू नयेत, बाजूने उभे राहावे. पीव्हीसीची पाती कापणे व घासणे मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे, आणि चक्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक पाते हाताने ओढून पाहावे. गच्चीवर कठडा नसेल तर मोजमाप मैदानावर करावे, नोंद कमी आली तरी हरकत नाही.

मूल्यमापन कसे करावे?

व्याख्या आणि फायदे-तोटे विचारू नयेत, ते सर्वांना पाठ असतात. त्याऐवजी नोंदवहीतील एक पान उघडून त्यावरच प्रश्न विचारावेत : या दोन दिवसांपैकी कोणत्या दिवशी वाऱ्यात अधिक शक्ती होती आणि किती पट? सोमवारची दुपारची नोंद दोन्ही गटांत वेगळी का आली असावी? तुमचे उपकरण कडुनिंबाखाली ठेवले असते तर आकडा कोणत्या बाजूला सरकला असता? सोलापूरच्या अनेक वर्गांत घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले असतात. तोंडी परीक्षेत त्यांनी उत्तर मिश्र भाषेत दिले तरी पूर्ण गुण द्यावेत, आकडा आणि एकक बरोबर असले म्हणजे झाले.